कापडाचं शून्य

१

नवं कापड टेबलावर अंथरलं की सगळ्यात आधी त्याला 'काही नाही' म्हणजे काय, हे शिकवावं लागे.

ते कापड होतंच तसं लाडावलेलं. साध्या सुतात ठरावीक अंतरावर चांदीचा मुलामा दिलेले धागे विणलेले, उभेही आणि आडवेही. त्यांतून बारीकशी वीज खेळायची, अंगाला कळणारसुद्धा नाही इतकी. कापडावर कुठे बोट टेकलं, तर शेजारच्या स्क्रीनवर नेमक्या त्याच जागी पिवळा ठिपका उमटायचा. जोर वाढला की पिवळ्याचा नारिंगी, आणि मग लाल. कारखान्यात या कापडाच्या चादरी व्हायच्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी. माणूस एकाच कुशीवर फार वेळ पडून राहिला की स्क्रीनवर तेवढी जागा लाल होई, आणि सांभाळणाऱ्यांना समजे की आता याला वळवायला हवं, नाहीतर पाठीला जखमा होतील.

पण मागावरून नुकत्या उतरलेल्या कापडाला धड काहीच कळत नसे. स्वतःच्या सुरकुत्या, स्वतःचं वजन, टेबलाचा उंचवटा, सगळ्यालाच ते स्पर्श समजायचं. म्हणून ते नीट पसरायचं, चारी कडांना वायरींचे चिमटे लावायचे, सगळ्यांनी हात काढून घ्यायचे आणि 'शून्य' असं लिहिलेलं बटण दाबायचं. त्या क्षणी कापडावर जे काही असेल, ते कापडाच्या लेखी काहीच नाही. तिथून पुढे जे येईल तो स्पर्श.

बटण दाबायचा मान ताईचा. दाबण्याआधी ती "हात वर!" असं काही ओरडायची, की मालकीणबाईसुद्धा चहाच्या कपासकट हात वर करायच्या. एकदा सुताची खोकी घेऊन आलेल्या हमालानं दारातच खोकं टाकून दोन्ही हात वर केले होते. त्यानंतर बरेच दिवस तो बिचारा माल बाहेरच ठेवून जाई. ताईला मात्र त्यात काही विनोद दिसत नसे. "एकाचं बोट राहिलं, तर कापड जन्मभर खोटं बोलेल," ती म्हणायची.

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला तिची सख्खी बहीण उभी राही. पन्नाशी उलटून गेली तरी कारखान्यात ती सगळ्यांचीच 'धाकटी' होती. शून्य झालं की कापडावर बोटं, तळवा, कोपर टेकवून बघायचं आणि स्क्रीनवरचं चित्र बरोबर येतंय का ते पडताळायचं, हे तिचं काम. दोघी बहिणी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आयुष्यभर उभ्या राहिल्या होत्या. मधे फक्त कापड असायचं, आणि तेही रोज नवं.

२

थंडी सरता सरता ताई गेली.

त्या दुपारी "जरा कसंतरीच होतंय गं, पडते घरी जाऊन" असं म्हणून ती एकटीच निघाली, आणि धाकटीनं हातातल्या कामावरून मान वर न करता "हं" म्हटलं. संध्याकाळी धाकटी घरी पोचली तेव्हा ताई पलंगावर एका कुशीवर होती. चपला दाराशी नीट जोडून ठेवलेल्या. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

घरातलं सगळं उरकून धाकटी कामावर परतली, तेव्हा टेबलावर नमुन्याची चादर ताईनं सोडली होती तशीच पसरलेली होती. कारखान्यात पहिल्यांदा बिनचूक उतरलेली चादर ती. ताईच्याच मागावरची. नवी प्रत्येक चादर तिच्याशी ताडून बघायची पद्धत होती, म्हणून ती कायम हाताशी असे. धाकटीनं यंत्र सुरू केलं. रिकाम्या चादरीचं चित्र यायला हवं तसं राखाडी आलं, आणि ताईच्या बाजूला, कडेपासून थोडं आत, एक निळा पंजा उमटला.

पिवळं, नारिंगी, लाल हे सगळं धाकटीच्या डोळ्यांखालून रोज जात असे. निळं तिनं क्वचितच पाहिलं होतं. पंजा उजव्या हाताचा होता. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, करंगळी. अनामिकेच्या जागी काहीच नव्हतं. ताईची अनामिका लहानपणी दारात सापडली होती आणि तेव्हापासून ती आकड्यासारखी वाकलेलीच राहिली. कशावरही हात टेकला तरी तेवढं एक बोट अधांतरी.

धाकटीनं तारवाल्याला हाक मारली. तारवाला म्हणजे वायरी, चिमटे, स्क्रीन हे सगळं सांभाळणारा माणूस. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाच ठाऊक असावं. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनजवळ नाक नेलं आणि म्हणाला, "हात्तिच्या. शून्य करताना कुणीतरी हात ठेवला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे कापडाला वाटलं, हा हात म्हणजेच 'काही नाही'. मग हात उचलला. आता कापडाच्या हिशेबानं तेवढ्या जागी कमी पडलं. जास्त झालं की पिवळं, कमी झालं की निळं."

"मग हा ताईचा हात आहे?"

"हात कुठला, हात नसणं आहे ते! तिथं हात असायला हवा होता आणि तो नाहीये, एवढंच कापड बोंबलून सांगतंय." बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं चष्मा उगाचच पुसला. "दोन सेकंदांचं काम आहे. नव्यानं शून्य करून टाकू?"

"बटणाला हात तर लावून बघ," धाकटी म्हणाली.

त्यानं हात लावला नाही. पण यंत्रात शोधून एवढं मात्र सांगितलं की शेवटचं शून्य त्याच दुपारी झालं होतं, ताई निघायच्या जरा आधी. डावा हात बटणावर, उजवा कापडावर. ज्या चुकीसाठी तिनं मालकीणबाईंचीही गय केली नव्हती, ती तिनं स्वतः केली होती.

"चक्कर आली असेल. आधाराला टेबल धरलं असेल," तारवाला म्हणाला.

"तसंच असेल," धाकटी म्हणाली. दुसरं काय असणार?

त्याच दिवशी तिनं शून्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली. नमुन्याला दुसरी चादर काढली, ती शेजारच्या टेबलावर घेतली, आणि या चादरीला कुणी हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावलं. मालकीणबाईंनी तिकडे काणाडोळा केला. बाईचं दुःख ताजं आहे, थोडे दिवस चालवून घ्यावं, असा त्यांचा विचार.

३

घरी दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकी, आतल्या खोलीत दोन पलंग, मधे माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट. ताईच्या पलंगावरची चादर धाकटीनं धुऊन परत तशीच घातली होती. रोज सकाळी ती चादर झटकत असे, कुणी झोपलेलं नसताना.

आई गेली तेव्हा धाकटी इतकी लहान होती की तिला आईचा चेहराही आठवत नव्हता. आठवत होता तो ताईचा हात. अंधाराची भीती वाटायची, म्हणून ताई तिला पालथी निजवून पाठीवर हात ठेवून बसायची. चार बोटं आणि तळवा. "हात काढू नको हं," धाकटी बजावायची. "नाही काढत, झोप." पण ताईलाही घरची कामं असायची. धाकटी झोपली असं वाटलं, की ती हात काढायला लागे. एकदम नाही, झोपमोड होईल म्हणून एकेक बोट. आधी करंगळी. मग मधलं बोट. मग तर्जनी, मग अंगठा, आणि सगळ्यात शेवटी तळव्याची टाच. धाकटी कित्येकदा जागीच असायची. झोपेचं सोंग घेऊन ती बोटं जाताना मोजायची, आणि टाच उचलली गेली की पाठीवर तेवढी जागा गार पडायची.

त्या हाताची तिला आता इतकी आठवण येई की रस्त्यानं चालता चालता ती मधेच थांबायची. बहिणीची आठवण येते म्हटलं की लोक मान हलवतात, आणि 'हो ना, फार चांगल्या होत्या' म्हणतात. चांगली होती म्हणून नव्हे हो. तिला तो हात हवा होता.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर बाकावर जाईनाशी झाली. सगळे गेले की यंत्र लावायची आणि टेबलाशी स्टूल ओढून, निळ्या पंजासमोर डबा उघडून बसायची.

४

सुट्टीची घंटा झाली आणि माग एकामागून एक गप्प झाले. इतक्या खडखडाटानंतरची शांतता कानांत भरते. मग त्या शांततेतून बारीकसारीक आवाज वर येतात. छताचा पत्रा उन्हानं टकटक करतो, मोरीतला नळ गळतो, पंखा एका फेरीत एकदा कुरकुरतो. धाकटीनं भाकरीचा तुकडा मोडला, वर पाहिलं आणि तिचा हात तोंडाशीच थांबला. स्क्रीन सगळी राखाडी होती. निळा पंजा नव्हता.

तिच्या अंगाची आग झाली. पुसलाच त्या मेल्या तारवाल्यानं! ती ताडकन उठली आणि दारापर्यंत गेली. तारवाला फाटकाजवळ बाकावर बसून हमालाशी हुज्जत घालत जेवत होता. ती परत आली. बटणावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती, धाकटीच्या नखाचा वणसुद्धा तिच्यावर तसाच.

ती उभ्या उभ्या बघत राहिली, आणि मग राखाडीत निळं उमटायला लागलं. एकदम नाही. आधी करंगळी. थोडा वेळ काहीच नाही. मग मधलं बोट. मग तर्जनी. मग अंगठा. सगळ्यात शेवटी, जरा रेंगाळून, तळव्याची टाच.

धाकटीनं स्टूल चाचपून धरलं आणि बसली. तिचं डोकं ठिकाणावर होतं आणि ते कामाला लागलं. पत्रा तापतो, हवा कोरडी होते, चांदीचे धागे ताणले जातात. तिच्या श्वासाची वाफ. चिमटा सैल. यातलं काहीही असू शकतं, आणि हे सगळं कारखान्यात कधी ना कधी झालंही होतं. पण उष्णतेला करंगळी कुठली आणि अंगठा कुठला हे कसं कळेल, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर भाकरी घशाखाली उतरली नसती.

ती उतरलीच नाही. कारण दुसरी एक गोष्ट विचारायच्या आधीच समोर येऊन उभी राहिली होती. निळं म्हणजे तिथं हात नाही, असं तारवाला म्हणाला होता. मग निळं जातं, तेव्हा काय असतं?

तिनं डबा बंद केला. टेबलाच्या कडेवर ठेवलेले आपले हात तिनं हळूच मांडीवर घेतले, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

५

त्यानंतर ते रोज होऊ लागलं. माग थांबले की थोड्या वेळानं पंजा विझायचा. आधी टाच जायची आणि मग बोटं, म्हणजे कुणी हात टेकताना जसा टेकेल तसा. सुट्टी संपत आली की बोटं एकेक करून परत निळी व्हायची.

भीती वाटत होती का? वाटत होती. पहिले काही दिवस टेबलापलीकडे बघायचं तिला धैर्यच होत नव्हतं. तिथं ताईची रबरी चटई होती. उभं राहून राहून ताईचे पाय सुजायचे, म्हणून मालकीणबाईंनीच आणून दिलेली. चटईवर दोन पावलांचे खळगे पडले होते. ताई एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यायची तेव्हा ती चटई बारीक चुकचुकायची, आणि आता सुट्टीच्या शांततेत नळ, पत्रा आणि पंखा यांच्या जोडीला तो आवाजही येतो, असं धाकटीला वाटे. ती मान खाली घालून ऐकायची. नळच असेल, म्हणायची.

पण भीतीलाही माणूस सरावतं. पुढे पुढे ती सकाळपासून सुट्टीची वाट बघायला लागली. केस नीट विंचरून यायची. पंजा विझला की गप्पा सुरू करायची. तारवाल्यानं चष्म्याची काडी वायरीनं बांधली आहे, समोरच्या घरातल्या बाईनं पुन्हा सुनेशी बोलणं टाकलं आहे, बाहेरच्या खोलीतला दिवा लुकलुकतो पण वर चढून कोण बघणार. उत्तर येत नसे. तसं ताई कामाच्या वेळी कधीच उत्तर देत नसे.

एके दिवशी पंजा अजून निळा असताना धाकटीनं टेबलाच्या कोपऱ्यावरून वाकून, मनगट वळवून आपला उजवा हात त्यावर टेकवला. तिचा हात ताईच्या हातापेक्षा लहान. जिथं तिचा तळवा टेकला तेवढं निळं गेलं, पण भोवती निळी किनार उरली, लहान मुलानं मोठ्याच्या चपलेत पाय घातल्यावर उरते तशी. तिला हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले.

मग किनार विझली.

तिनं हात हलवला नव्हता. ती स्क्रीनकडे बघत राहिली. तिच्या तळव्याखालचं राखाडी पिवळं झालं. पिवळ्याचं नारिंगी. ती मुळीच जोर देत नव्हती, पण कापडाला जोर कळत होता. मग तिलाही कळला. हाताच्या पाठीवर वजन आलं होतं, मऊ, ना गार ना गरम, नुसतं वजन. तिच्या तर्जनीवर होतं, मधल्या बोटावर होतं, करंगळीवर होतं. अनामिकेवर काहीच नव्हतं.

"हात काढू नको हं," धाकटी म्हणाली. स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली, इतका तो लहान मुलीचा होता.

वजन गेलं नाही. घंटा झाली, दारात पावलं वाजली, पहिला माग खडखडला, तरी वजन गेलं नाही. नारिंगीचं लाल झालं. तिची बोटं कापडात रुतली, मनगट दुखायला लागलं. तिनं हात ओढला, आणि तो निघाला नाही. मग करंगळीवरचा भार उतरला, मग पुढचा, आणि ती मोकळी झाली. हाताच्या पाठीवर चार फिकट खुणा होत्या. आत येणाऱ्या लोकांना दिसू नयेत म्हणून तिनं तो हात पदराखाली घेतला. त्या खुणा जाऊ नयेत असंही तिला वाटत होतं, तेही खरंच.

६

"एक चादर कमी पडते आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "उद्या गाडी येणार. मागावरची अजून आठवडाभर उतरत नाही. ही तुझी द्यावी लागेल."

"हिच्यावर डाग आहे, बाई."

"डाग शून्य केल्यावर जाईल. मी इतके दिवस काही म्हटलं का तुला?" त्या जरा थांबल्या. "अगं, तिकडे माणसं एकाच कुशीवर पडून आहेत. ताई असती तर तिनं काय केलं असतं, तूच सांग."

ताई असती तर तिनं चादर कधीच घडी करून दिली असती, वर धाकटीला दोन शब्द सुनावले असते. धाकटीला हे पक्कं ठाऊक होतं. पण आतून ती नुसती पेटून उठली. न्या म्हणे! एवढी एकच जागा उरली आहे जगात, तीही न्या. सकाळभर ती मनात बेत करत राहिली. चिमटे तोडते. चादर घरी नेते. आजारी म्हणून टेबलावरच आडवी पडते.

सुट्टीत तारवाला आला, पाठवण्याआधी वायरी एकदा बघून घेतो म्हणून. धाकटी तिच्या नेहमीच्या जागी, टेबलाच्या अलीकडे स्टुलावर बसून होती. माग गप्प झाले होते. तो हातात बारीक बॅटरी धरून ताईच्या बाजूनं टेबलाखाली शिरला आणि खाली काहीबाही पुटपुटत खुडबुड करायला लागला. स्क्रीनवरचा पंजा टाचेकडून विझत गेला.

"पाय जरा बाजूला घे गं," टेबलाखालून तारवाल्याचा आवाज आला. "वायर तुझ्या चटईखाली आहे."

धाकटीनं श्वास रोखला.

"अगं, घे ना! आणि पाय काय सुजलेत हे तुझे! घोटा दिसेना झालाय. दिवसभर उभी असतेस, जरा बसत जा की कधीतरी."

चटई चुकचुकली.

"हं, सापडली," तारवाला म्हणाला आणि उलटा सरकत बाहेर आला. गुडघे झटकत तो उभा राहिला, आणि समोर टेबलापलीकडे स्टुलावर बसलेली धाकटी त्याला दिसली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. स्टुलाच्या दांडीवर अडकवलेल्या तिच्या किडकिडीत पायांकडे पाहिलं. मग आपल्या बाजूच्या रिकाम्या चटईकडे.

"तू तिकडे कधी गेलीस?"

"मी इथंच आहे," धाकटी म्हणाली.

तारवाल्यानं बॅटरी विझवली. मग डबा राहिलाय म्हणत तो बाहेर गेला, आणि डबा तर इथंच खिडकीत होता.

धाकटी एकटी राहिली. तिला स्वतःचीच लाज वाटत होती. इतके दिवस ती इथं स्टुलावर बसून जेवत होती, गप्पा मारत होती, 'काढू नको' म्हणत होती. आणि समोरचं माणूस उभं होतं. सुजल्या पायांवर, रोज, तिची झोप लागायची वाट बघत.

७

दुसऱ्या दिवशी गाडी सुट्टीच्या वेळेलाच आली. मालकीणबाई फाटकाशी ड्रायव्हरला जागा दाखवत होत्या. आत दोघंच. तारवाला बटणाच्या बाजूला उभा राहिला खरा, पण चटईवर पाय न ठेवता, अवघडून, कमरेतून वाकून.

धाकटीनं स्वतःच चिकटपट्टी सोलून काढली.

"तूच दाबतेस का?" त्यानं विचारलं.

"नको, तू दाब. मी माझ्या जागेवर बरी."

स्क्रीनवर निळा पंजा होता. तिनं तो डोळे भरून पाहून घेतला. तारवाल्यानं घसा साफ केला, आणि ताईची सर कुठून येणार, तरी आपल्या परीनं ओरडला, "हात वर!"

धाकटीनं दोन्ही हात वर केले. तारवाल्यानंही मोकळा हात वर केला आणि बटण नीट सापडावं म्हणून खाली पाहिलं. तेवढ्या वेळात टाच विझली. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट, करंगळी. 'थांब' म्हणायला धाकटीचे ओठ उघडले. पण मग तिनं ते मिटून घेतले. तारवाल्यानं बटण दाबलं.

"झालं," तो म्हणाला. वर बघताच त्याचा चेहरा कितीतरी मोकळा झाला. "बघ, कुठं काही नाही. स्वच्छ!"

"हो, स्वच्छ," धाकटी म्हणाली.

त्यानं भराभर चिमटे काढले, स्क्रीन काळी झाली. चादरीचं एक टोक धरून तो धाकटीच्या बाजूनं तिची गुंडाळी करू लागला. अर्ध्याहून जास्त चादर सहज गुंडाळत गेली. आणि मग अडली.

त्यानं ओढून पाहिलं. टेबलाच्या त्या बाजूला, कडेपासून थोडं आत, कापड जागचं हलेना. दोन्हीकडची टोकं उचलली जात होती, त्यांना सुरकुत्या पडत होत्या, पण मधे पंजाएवढी जागा टेबलाला धरून होती.

"खिळा आहे का काय खाली?" तो म्हणाला. त्यानं कापडाखाली हात घालून चाचपलं, आणि तो झटकन बाहेर काढला. "नाही, खिळा नाही." त्यानं चादरीचं टोक घट्ट धरलं. "धाकटे, जरा तिकडून सोडव ना. मी नाही तिकडे जात."

धाकटी टेबलाला वळसा घालून गेली. चटईच्या कडेशी, पण चटईवर नव्हे, अशी ती उभी राहिली. कापडाच्या विणीत चार बारीक खळगे दिसत होते, आणि मागे एक मोठा. पूर्वी कधीच ती या बाजूनं अशी थांबून उभी राहिली नव्हती. इथून तिचं स्टूल दिसत होतं, भिंतीवरचं घड्याळ, दार. ताईला आयुष्यभर समोर फक्त धाकटी दिसत आली होती.

तिला त्या जागेवर हात ठेवायचा होता. आणखी एकदा. तेवढ्यापुरतं तरी. तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि घट्ट धरून ठेवले.

"मी झोपले गं," ती हळूच म्हणाली. "आता सोंग नाही." मग घसा खाकरून, कारखान्यात म्हणतात तसं, पण अगदी खालच्या आवाजात, "हात वर, ताई."

पंखा कुरकुरला. फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. कापडातला सगळ्यात कडेचा खळगा भरून आला, आणि मग त्याच्या शेजारचा. तारवाला टोक ओढून धरूनच होता, त्यामुळे शेवटची टाच सुटली तेव्हा चादर इतक्या अचानक मोकळी झाली की तो दोन पावलं मागे धडपडला.

"काय म्हणालीस तू?" त्यानं विचारलं.

"काही नाही. गुंडाळ आता, गाडी थांबली आहे."

त्यानं गुंडाळी छातीशी धरली आणि जवळजवळ पळतच दाराबाहेर गेला. आता ती चादर कुठे वायरींना जोडली, की रिकाम्या अंथरुणावर निळा पंजा दिसेल, हे धाकटीला न बघताच कळत होतं. तिकडची माणसं डाग म्हणतील आणि नव्यानं शून्य करतील. किंवा करणार नाहीत. तोवर जे कुणी तिच्यावर पाठ टेकेल, त्याची पाठ त्या पंजावर असेल.

टेबल उघडं पडलं होतं. धाकटीनं आपलं स्टूल उचललं, वळसा घालून आणलं आणि ताईच्या चटईवर ठेवलं. मग अलीकडे आपल्या जागी येऊन, उभ्यानंच, तिनं डबा उघडला. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, एक तळव्याएवढी जागा गार पडत चालली होती. ती जेवत राहिली. मागं वळून तिनं पाहिलं नाही.